प्रकरण अकरावं: बत्तीसचं होल

चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता आणि सकाळी नऊलाच घरातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर्कशॉपमध्ये येऊन बसल्या होत्या. खुर्च्यांवर माणसंही होती, पण कामाच्या हिशोबानं खुर्च्याच बऱ्या.

थोरल्यानं मधली जागा धरली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर आणि तोंड असं की जणू परीक्षेचा निकाल याच्याच खिशात आहे. शेजारी जाऊबाई, हातात मोजपट्टी. त्यांचा भाऊ फरशीचा व्यापारी. वर्कशॉप रिकामं झालं की इथे त्याची खोकी ठेवायची होती. ड्रिल मशीन अजून आपल्या जागी ताठ उभं होतं आणि बाईंनी त्याच्या पायापासून भिंतीपर्यंतचं अंतर दोनदा मोजून घेतलं होतं.

‘जिवंत असताना कुणाचं माप घेऊ नये,’ असं धाकटीच्या अगदी जिभेवर आलं. तिनं गिळलं. दिवस मोठा होता, पुढे लागलं असतं.

बाबांचं मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं जुनं पिलर ड्रिल. वर डोक्यावर पत्र्याचं कव्हर, मागे मोटर, पुढे हँडल. सासरे गेले त्याला अकरा वर्षं झाली. मशीनवर धाकटी उभी राहिली त्याला सहा. जुना कारागीर एक दिवस न सांगता निघून गेला, शंभर क्लॅम्प अर्धवट पडले होते आणि घरातले दोन्ही पुरुष ‘कुणीतरी बघायला पाहिजे’ असं एकमेकांना सांगत बसले होते. तेव्हा ती पदर खोचून उभी राहिली. हात भाजले, नखं काळी झाली, आणि मग जमलं. त्या दिवसापासून ‘कुणीतरी’ म्हणजे ती.

आता फाटकवाल्यांचं काम आलं होतं. चाळीस प्लेटा, प्रत्येक प्लेट पंचवीस मिलिमीटर जाड, मधोमध बत्तीसचं होल. आठवड्यात तीन बिटं जळाली. टोक निळं पडायचं, धार मरायची, आणि प्लेटीवर नुसता खळगा. उरलं होतं एक बिट.

“मशीन संपलंय,” थोरला गेल्या रविवारी म्हणाला होता.

“संपलं नाही भाऊजी, जोरात फिरतंय,” ती म्हणाली होती. “एवढं जाड बिट लोखंडात हळूच फिरवावं लागतं. मिनिटाला दोनशे फेरे. हे तर पंख्यासारखं पळतंय.”

“मग कर हळू. पुढच्या रविवारी चार वाजेपर्यंत एक, फक्त एक होल पाडून दाखव. नाहीतर टेम्पो. आणि कव्हर उघडायचं नाही.”

म्हणजे पोहून दाखव, पण ओलं व्हायचं नाही.

त्या कव्हराची गंमत अशी. दर वर्षी थोरला एक दिवस जुना शर्ट घालून यायचा आणि मशीनला हिरवा रंग लावायचा. पुसायचा नाही, तेल द्यायचा नाही. रंग लावायचा. ‘बाबांनी शेवटचा हात लावला तसंच ठेवलंय,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कव्हराचे स्क्रू रंगाखाली गडप झाले होते. पहिल्याच वर्षी धाकटीनं तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर हा असा ओरडला होता, जणू हिनं बाबांच्या खिशातच हात घातला.

मशीन गेलं तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. वर्कशॉपचं गोदाम. तिच्या नवऱ्याला फरशीच्या दुकानात नोकरी. आणि तिला?

“तुला आराम,” थोरला म्हणाला होता. डॉक्टर ज्या आवाजात आजाराचं नाव सांगतात ना, त्या आवाजात.

या घरातला आराम तिनं पाहिला होता. सकाळी सहाला सुरू व्हायचा, रात्री अकराला संपायचा. जाऊबाई तो वीस वर्षं करत होत्या, म्हणून तर त्यांचा स्वभाव असा मोजपट्टीसारखा झाला होता. बोट सोडलं की सटकन आत.

“अहो, मग सुरू करायचं का?” धाकटीनं नवऱ्याला विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

“थांब जरा,” थोरला म्हणाला.

“हो,” तो म्हणाला.

घरात त्याला होयबा म्हणायचे. वेल्डिंगला हात इतका साफ की सांधा शोधावा लागायचा, पण तोंडातून आयुष्यात एकदाही ‘नाही’ निघालं नव्हतं. लग्न ठरवायला आले तेव्हाही त्यानं फक्त हो म्हटलं होतं. धाकटीला तेव्हा वाटलं, वा, किती पसंत पडले मी!

तेवढ्यात जावईबापू आले. मागून नणंद, कपाळाला आठ्या घालून. ती दोघं मागच्या गल्लीतच राहायची आणि इकडे भांडणाचा वास आला की चहा अर्धा टाकून यायची. जावईबापू एसीच्या शोरूममध्ये होते. इलेक्ट्रिकचा डिप्लोमा त्यांनी फ्रेम करून दारासमोर लावला होता, बेल वाजवणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून.

“कव्हरबिव्हर काही उघडायचं नाही,” ते आल्याआल्या म्हणाले आणि पिशवीतून एक पांढरी डबी काढली. “हे बघा. एवढंसं. वायरमध्ये बसवायचं, बटण फिरवायचं, स्पीड कमी. लोक उगाच पुल्यापट्ट्यात अडकतात. जमाना कुठं गेला!”

धाकटीनं डबी पाहिली. “हा पंख्याचा रेग्युलेटर आहे.”

“तत्त्व तेच असतं, वहिनी.”

“पंख्याची मोटर एवढी असते.” तिनं मूठ दाखवली. मग मशीनमागची मोटर दाखवली. “ही केवढी आहे बघा. आणि असल्या मोटरला करंट कमी दिला तर ती हळू फिरत नाही, फिरतच नाही. तापते.”

“तुम्ही कुठं शिकलात हे?”

“इथं उभी राहून.”

“तसं नाही. म्हणजे कुठल्या कॉलेजात?”

थोरला खुदकन हसला. जाऊबाईही हसल्या. होयबासुद्धा हसला, मग बायकोकडे बघून त्यानं ते खोकल्यात बदललं. कोपऱ्यात सासूबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बसवा,” धाकटी म्हणाली. “मी प्लगपाशी उभी राहते.”

जावईबापूंनी वायर सोलली, जोडली, टेप गुंडाळली, आणि सगळ्यांकडे बघत बटण अर्ध्यावर ठेवून स्विच दाबला.

मोटर घूं म्हणाली आणि जागच्या जागी बसली. घूं, घूं, घूं. पोटात दुखणाऱ्या म्हशीसारखी. बिट हललंसुद्धा नाही.

“जरा वॉर्म अप होऊ दे,” जावईबापू म्हणाले.

डबीचं बटण मेणासारखं वाकलं. मग धूर आला. धाकटीनं प्लग खेचला तोवर वर्कशॉपभर जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता आणि जाऊबाई नाकाला रुमाल लावून दारात पोचल्या होत्या.

“मोटरच जुनी आहे,” जावईबापूंनी निदान केलं. “मी आधीच म्हणणार होतो.”

“गप बसा हो!” नणंद फटाक्यासारखी फुटली. “माझं वॉशिंग मशीन पण ‘जुनं’ होतं ना? हेच केलंत! मागच्या महिन्यात ‘नाजूक कपड्यांसाठी स्लो मोड करून देतो’ म्हणालात, आणि अशीच डबी लावलीत. आता एक महिना मी चादरी हातानं धुतेय!”

“तो व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता.”

“प्रॉब्लेम फ्रेम करून भिंतीवर लावलाय आपण!”

धाकटीनं मोटरला हात लावून पाहिला. कोमट. वाचली होती. तिनं जळकी डबी कापून टाकली, वायर होती तशी जोडली आणि थोरल्यासमोर येऊन उभी राहिली.

“भाऊजी, साडेदहा झाले. कव्हर उघडल्याशिवाय होणार नाही.”

“नाही म्हणजे नाही. बाबांनी जसं ठेवलं—”

“उघड गं,” सासूबाई म्हणाल्या.

पेन्सिल अजून कोड्यावरच होती. सगळे वळले.

“आई, तुला कळत नाही, ती बाबांची—”

“तुझे बाबा ते कव्हर दिवसातून पाच वेळा उघडायचे. उघडंच असायचं खरं तर. जेवायला बोलवायला आले की मी तेच आधी बघायची, केस अडकायला नकोत म्हणून. स्क्रू तू बसवलेस, ते गेल्यावर.” त्यांनी एक चौकोन भरला. “आणि रंगही तूच लावलास. त्यांना हिरवा आवडायचा नाही.”

थोरल्यानं गुडघ्यांवरचे हात काढून छातीवर घडी घातली.

धाकटीनं छिन्नी घेतली. रंगाच्या खपल्या निघायला लागल्या. हिरवी, हिरवी, हिरवी, मध्येच एक निळी. त्या वर्षी हिरवा मिळाला नव्हता. अकरा वर्षांची माया, बोटभर जाड. सहावा स्क्रू फिरला, तिनं कव्हर दोन्ही हातांनी वर उचललं आणि होयबाच्या हातात दिलं. तो ते छातीशी धरून उभा राहिला. कुणीतरी ठेव म्हणेपर्यंत तो तसाच राहणार होता.

आत दोन पुल्या होत्या. मोटरवर एक, पुढे बिट फिरवणाऱ्या स्पिंडलवर एक. दोन्हींना जिन्यासारख्या चार-चार पायऱ्या, एकीला सुलट तर दुसरीला उलट. पट्टा ज्या पायरीवर घालाल तसं मशीन पळणार. मोटरवरची छोटी आणि पुढची मोठी, की सगळ्यात हळू. मोटरवरची मोठी आणि पुढची छोटी, की सगळ्यात जोरात.

पट्टा सगळ्यात जोरातच्या पायरीवर होता.

धाकटी बघत राहिली. सहा वर्षं. सहा वर्षं ती त्या पळत्या मशीनवर जाड बिटं जाळत होती, बोलणी खात होती, ‘बाईमाणसाचा हात जड पडतो’ असं ऐकत होती. आणि पट्टा इथं, पत्र्याखाली, सुईएवढ्या होलांच्या स्पीडला बसलेला.

“या पायरीवर तर पाच-सहा मिलिमीटरची होलं पाडतात,” ती म्हणाली. आवाज शांत होता, आणि ज्यांना ती माहीत होती ते खुर्चीत थोडे मागे सरकले. “बाबांनी कशाला ठेवला असेल इथं?”

“असेल काहीतरी विचार त्यांचा,” थोरला म्हणाला. “मोठी माणसं होती ती.”

“त्यांचा कसला विचार?” सासूबाईंनी शेवटी चष्मा काढला. “ते तर तेव्हा दीड महिना अंथरुणावर होते. मशीनवर तू होतास. पडद्यांच्या दांड्या लावायच्या होत्या तुमच्या खोलीत. त्यांच्या पट्ट्यांना बारीक होलं पाडत बसला होतास दोन दिवस.”

मग जाऊबाईंनी हळूच विचारलं, “ते निळे पडदे?”

“तेच.”

म्हणजे अकरा वर्षं हा माणूस स्वतःच्या आळसाला रंग लावत होता. पडद्याचं काम झालं, पट्टा जागेवर घालायचा कंटाळा आला, कव्हर ठोकलं आणि त्याला म्हणाला, बाबांची आठवण. जावईबापूंना हसू आवरेना. आपल्यापेक्षा मोठा मूर्ख घरात निघाला याचा आनंद काही औरच असतो.

थोरला मात्र कसलेला गडी. दोन मिनिटांत सावरला.

“बघा,” तो उठून म्हणाला, “शेवटी कारण सापडलं की नाही? मी म्हणतच होतो, बघायला पाहिजे म्हणून. घाल पट्टा खालच्या पायरीवर. सुटला प्रश्न. उगाच आठवडाभर त्रागा!”

“नाही सुटला.”

“आता काय?”

“मोटर मिनिटाला चौदाशेचाळीस फेरे घेते. सगळ्यात हळू पायरीवर तिसरा हिस्सा होतो. चारशेऐंशी. मला दोनशे पाहिजेत.”

“अगं, चारशेऐंशी काय, दोनशे काय! दाखव बरं.”

दाखवायला लागलं. तिनं पट्टा हलवला, प्लेट घट्ट आवळली, मधलं बारीक होल आधी पाडून ठेवलंच होतं. त्यावर शेवटचं बत्तीसचं बिट टेकवलं. पाच सेकंद. कर्रर्र आवाज दातांत शिरला, तेल धूर होऊन वर आलं, आणि तिनं झटकन हँडल वर केलं. बिटाची कड बोटानं चाचपली. थोडी दुखावली होती, मेली नव्हती.

“पाहिलं सगळ्यांनी,” थोरला टाळी वाजवल्यासारखा म्हणाला. हरलेला डाव असा पुन्हा हातात आला की माणूस तरुण दिसतो. “पट्टा बदलला, कव्हर उघडलं, बाबांची लाज काढली, सगळं केलं. तरी नाही. मशीन संपलंय. मी फोन करतो, दोनलाच या म्हणावं.”

“चारपर्यंत माझं आहे,” धाकटी म्हणाली.

तिनं बाकाखालून पोतं ओढलं. आत टर्नरकडून करून आणलेला शाफ्ट, म्हणजे हातभर लोखंडी दांडा, दोन बेअरिंगं, अँगलचा ब्रॅकेट, दोन नवे पट्टे आणि एक छोटी पुली. आठवडाभर ती हेच जमवत होती.

“मोटर आणि स्पिंडलच्या मध्ये तिसरा शाफ्ट बसवायचा,” तिनं सासूबाईंना सांगितलं, कारण ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. “मोटरचा पट्टा या शाफ्टच्या मोठ्या पुलीवर. तिथं स्पीड एकदा उतरतो. मग त्याच शाफ्टवरच्या छोट्या पुलीवरून पुढे. तिथं दुसऱ्यांदा उतरतो.”

“तीन-तीन पुल्या कुठं असतात का?” थोरला.

“दोघांचं सरळ बोलणं जमत नसलं की मध्ये तिसरं माणूस घालावं लागतं. या घरात मी नवीन काय सांगायचं?”

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला.

“मग बसवा की,” जावईबापू म्हणाले. “अडलंय कुठं?”

“मोठी पुली नाही. चार दुकानं पालथी घातली, या मापाची नव्हती. आज रविवार.”

“अरेरे,” जावईबापू म्हणाले, अगदी मनापासून खूश होऊन.

नणंदेनं विचारलं, “केवढी पाहिजे?”

धाकटीनं हातांनी दाखवली. ताटापेक्षा जरा लहान.

नणंद तिच्या हातांकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. ही तीच नणंद, जी गेल्या रविवारी ‘दादा म्हणतो तेच बरोबर, बायकांनी मशीनवर उभं राहणं शोभतं का’ म्हणाली होती. पण महिनाभर चादरी पिळल्या की माणसाची मतं बदलतात.

“माझ्या वॉशिंग मशीनच्या बुडाला तेवढीच आहे,” ती म्हणाली. “ड्रम फिरवायची. चल, काढून घे.”

“अगं, त्याची वॉरंटी—” जावईबापू.

“वॉरंटी तुमच्या डबीनं पेटवली. आता पुली माझ्या वहिनीची.”

‘माझी वहिनी’! सहा वर्षांत पहिल्यांदा. धाकटीनं त्यावर विश्वास ठेवला नाही, पण पुलीवर ठेवला.

दोघी गेल्या आणि अर्ध्या तासात पुली घेऊन परतल्या. मग गडबड उडाली. पुलीचं मधलं होल शाफ्टला ढिलं होतं, त्यात पाइपचा तुकडा बसवायला लागला. ब्रॅकेट मशीनच्या खांबाला वेल्ड करायचा होता, आणि इथं होयबाची परीक्षा आली.

“ये इकडे, बस खुर्चीवर,” थोरला म्हणाला. “बाबांच्या खांबाला वेल्डिंग करणार तू?”

“हो,” होयबा म्हणाला, आणि वेल्डिंगची काच तोंडापुढे धरली.

“मी विचारत नाहीये! नको करू म्हणतोय!”

“हो, हो,” होयबा काचेमागून म्हणाला आणि ठिणगी पेटवली.

धाकटी ब्रॅकेट धरून उभी होती, मान फिरवून. ठिणग्या तिच्या हातमोज्यांवर पडत होत्या. तिला कळेना, हा आज माझ्या बाजूनं आहे की नेहमीसारखाच कुणाच्याच नाही? त्याचं ‘हो’ म्हणजे सार्वजनिक नळ. जो बादली लावेल त्याचा. पण सांधा सुरेख आला होता. तिनं सध्या सांधा मोजला.

साडेतीनलाच टेम्पो आला. भंगारवाला आत आला, मशीनकडे एक नजर टाकली, आणि रिकामी खुर्ची बघून बसला. जाऊबाईंनी त्याला पाणी दिलं. पाहुण्यासारखी सरबराई, घरच्या माणसाला कधी अशी नव्हती.

तीन पन्नासला तिनं स्विच दाबला.

मोटर आपली पळायला लागली. पहिला पट्टा पळाला, वॉशिंग मशीनची पुली गंभीरपणे फिरली, दुसऱ्या पट्ट्यानं निवांत पुढची पुली ओढली, आणि बिट फिरायला लागलं. कसं? तर चहात साखर ढवळावी तसं. त्याच्यावरचा ३२ आकडा येताना दिसायचा, जाताना दिसायचा.

“बंद पडतंय वाटतं,” जाऊबाई म्हणाल्या.

थोरला पोट धरून हसला. “हे होल पाडणार? यापेक्षा मी बोटानं पाडीन!”

“करंट कमी पडतोय,” जावईबापू म्हणाले.

“तुम्ही करंटचं नाव काढू नका,” नणंद.

धाकटीनं कुणाकडे पाहिलं नाही. तेलाची धार सोडली आणि हँडल खाली आणलं. बिट टेकलं. ती ओरडण्याची वाट बघत होती, सगळेच बघत होते. आवाज आला तो कोबी कापल्यासारखा. खस्स, खस्स. आणि प्लेटीवरून एक चकचकीत लोखंडी पट्टी वर आली, गुंडाळत गुंडाळत, न तुटता. वीतभर झाली, हातभर झाली. मागून दुसरी. धूर नाही, निळेपणा नाही. मोटरचा सगळा जोर, जो इतकी वर्षं नुसता पळण्यात वाया जायचा, तो आता खाली जात होता. तिला तो तळहातात कळत होता.

सहा मिनिटं. मग हँडल हलकं झालं आणि बिट पलीकडे उतरलं.

तिनं प्लेट सोडवली, पुसली आणि थोरल्याच्या हातात दिली. त्यानं होलातून पलीकडे पाहिलं. पलीकडे भंगारवाला दिसला.

“हे चालू मशीन आहे, शेठ,” भंगारवाला म्हणाला. “चालू मशीन भंगारात देऊ नये.”

“कोण देतंय?” थोरला ताडकन म्हणाला. प्लेट बगलेत मारली आणि उभा राहिला. तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला होता. धाकटीनं ते बदलणं पाहिलं. या माणसाच्या हरण्याची तिला कधी भीती वाटली नव्हती. जिंकायला लागला की मात्र धडकी भरायची.

“मशीन राहील,” त्यानं जाहीर केलं. “घराण्याची वस्तू आहे. मी पहिल्यापासून जपली म्हणून आज आहे. उद्यापासून मी स्वतः इथं बसणार. फाटकवाल्यांशी मीच बोलेन. धाकटे, तू पुष्कळ केलंस. आता तू नुसतं मदतीला. तेलबिल सोडायला.”

“बरोबर आहे दादांचं,” जावईबापू म्हणाले. “एक जबाबदार माणूस पाहिजेच.”

नणंद चपलेकडे बघायला लागली. ‘माझी वहिनी’ संपली होती. जाऊबाईंची मोजपट्टी सटकन आत गेली. भावाचं गोदाम बुडालं होतं, पण नवरा मालक झाला होता, आणि त्यातलं काय जास्त हे त्या अजून मोजत होत्या. होयबा हो म्हणायच्या बेतात होता.

धाकटीच्या डोक्यात पाना फेकून मारायचा विचार आला. कुणाला, तेही ठरलं होतं. पण तिनं पाना बाकावर ठेवला, दुसरी प्लेट आवळली आणि बाजूला झाली.

“चालेल,” ती म्हणाली. “पण इथं बसता येत नाही भाऊजी. उभं राहायला लागतं. घ्या, ही तुम्ही पाडा.”

“आत्ता?”

“उद्या तर तुम्हालाच पाडायच्यात.”

सगळे बघत होते. थोरल्यानं बाह्या सरसावल्या, हँडल पकडलं आणि हापसा मारतात तसं खाली खेचलं. पट्टा किंचाळला आणि घसरला, बिट थांबलं.

“खेचू नका. नुसतं टेकून धरा. ते आपलं आपण जातं.”

त्यानं टेकून धरलं. बिट फिरत होतं. ३२ आला, ३२ गेला. एक मिनिट झालं. त्यानं पाय बदलला. भिंतीकडे पाहिलं. तेलाचा थेंब शर्टावर उडाला.

“याला अजून किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

“प्रत्येकाला?”

“प्रत्येकाला. आणि आधी बारीक होल पाडायचं ते वेगळं.”

“आणि अशा किती म्हणालीस?”

“चाळीस. त्यांना पसंत पडल्या तर पुढच्या महिन्यात दोनशे.”

३२ आला. ३२ गेला. घाई करायला वाव नव्हता, ओरडायला कुणी नव्हतं, आणि हात सोडला तर काम थांबत होतं. थोरला आयुष्यात एवढा वेळ एका जागी गप्प उभा राहिला नव्हता. दुसऱ्या मिनिटाला त्याला कंबर आठवली. तिसऱ्या मिनिटाला त्यानं खिसा चाचपला.

“फोन आलाय वाटतं,” तो म्हणाला. फोन आला नव्हता, कुणालाच रिंग ऐकू आली नव्हती. “जरा धर. आलोच.”

तो दारातून बाहेर पडला, अंगण ओलांडलं, आणि घराच्या पायऱ्या मशीनला लाजवेल अशा वेगानं चढला.

भंगारवाला हसला, पाण्याचा पेला ठेवला आणि टेम्पोकडे गेला. त्याच्या मागे जावईबापू, मशीनबद्दल काहीतरी समजावत. नणंदेनं जाताना तोंडातल्या तोंडात ‘येते गं’ म्हटलं. सासूबाईंनी कोडं घडी घालून बगलेत घेतलं.

“तो येत नाही आता,” त्या जाताजाता म्हणाल्या. “कुलूप लावून किल्ली तुझ्याकडेच ठेव. आणि रंगाचा डबा कुठं आहे तेवढा मला दे.”

धाकटीनं हँडल हातात घेतलं होतं. लोखंडाची पट्टी पुन्हा सलग यायला लागली. शेजारी कुणीतरी उभं होतं. जाऊबाई.

“तेल किती ओततेस गं,” त्या म्हणाल्या, अगदी स्वयंपाकघरात बोलतात तशा. “सगळं खाली वाहून चाललंय. आण इकडे, मी सोडते.” आणि त्यांनी डबा घेतला, आणि थेंब थेंब, नेमका बिटाच्या टोकावर, एकही वाया न घालवता सोडायला लागल्या.

इतकं बरोबर तेल तिला स्वतःला कधी सोडता आलं नव्हतं, पण ते सांगायची घाई नव्हती.

दुसरी प्लेट झाली. होयबा अजून कव्हर छातीशी धरून उभा होता. वेल्डिंगनंतर त्यानं ते परत उचललं होतं.

“ठेवा ते खाली,” ती म्हणाली. “आणि मला सांगा, फरशीच्या दुकानाचं तुम्ही काय सांगितलंत दादांना?”

तो घुटमळला. “हो म्हणालो ना.”

“कधीपासून?”

“उद्यापासून. म्हणजे मी म्हणालो, पण मनात तसं— तू म्हणत असशील तर मी त्यांना जाऊन—”

“जाऊन काय सांगाल? नाही म्हणाल?”

होयबानं तोंड उघडलं. तो शब्द घशापर्यंत आलेला तिला दिसला, आणि तिथंच बसला.

तिनं तिसरी प्लेट उचलली.

“जा मग उद्या,” ती म्हणाली. “पण मी सातला इथं असणार, आणि तेल सोडायला जाऊबाई पण. तुमचा डबा तुमचा तुम्ही भरायचा. दादांचाही भरून घ्या. ते विचारतील, तुम्ही हो म्हणाल.”